हौसाबाईंची पश्चिमेची ओळ

बुधवार, ता. २० एप्रिल १९३८. सकाळी साडेसात. मुलींच्या शाळेची मागची बाग, भोर.

हजर: शाळा समितीचे अध्यक्ष नानासाहेब, सहशिक्षिका गोदूताई, पाचवी-सहावीच्या अकरा मुली, खणायला उत्रोलीचे दोघे भाऊ, कुदळ-फावड्यांसह, हौसाबाई, आणि मी, मुख्याध्यापिका. गैरहजर: समितीचे चिटणीस, पोट बिघडल्यामुळे. काम: आंब्याच्या दोन रोपांची मुळे उघडी करून पाहणे.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे. खाली बारीक अक्षरात आणखी एक वाक्य आहे: ‘हौसाबाई सहापासून येऊन उभ्या आहेत. चहा नको म्हणाल्या.’

नोंदीत मुळांचे काम लिहिले असले तरी त्या सकाळी आम्ही एका बाईचा खरेखोटेपणा तपासायला जमलो होतो. तपासणाऱ्यांत मीही होते. तेव्हा हौसाबाईंना शाळेत लागून तीन वर्षे होत आली होती, आणि मला वाटत होते की मी त्यांना पुरती ओळखते.

हौसाबाई पालीच्या. राजगडाच्या पायथ्याचे, वेल्ह्याकडचे पाली. नवरा वारल्यावर मुलाला भातखाचरांवर ठेवून त्या भोरला बहिणीकडे आल्या आणि आमच्याकडे पाणी भरायच्या कामाला लागल्या. उंच, हाडापेराने मोठ्या, कपाळावर गोंदण, लुगड्याचा काचा असा घट्ट की दिवसभर घागरी वाहूनही सैल होत नसे. कामावर घेताना मी वय विचारले.

“लिवा पन्नास.”

पुढच्या वर्षी हजेरीपुस्तक नवे केले तेव्हा पुन्हा विचारले.

“लिवा की पन्नास.”

“मागच्या वर्षीही पन्नासच होते, हौसाबाई.”

“मंग काय बदलायचं? एकदा लिवलंय तर ऱ्हाऊ द्या.”

बाकावर त्या कधी बसल्या नाहीत; ते पोरींचे, असे म्हणत. दुपारची भाकरी विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्यानेच खात. मोजणी विसांनी करत. बागेत चाळीस झाडे आहेत असे मी म्हटले की त्या मनात उलटा हिशेब करून “म्हंजी दोन इसा” असे म्हणत आणि मगच पुढे बोलत. आणि त्यांच्याजवळ एक सळई होती. करंगळीएवढी जाड, दीड हात लांब, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. सकाळी पहिली घागर भरायच्या आधी त्या बागेतून एक फेरी मारत, चारपाच ठिकाणी सळई जमिनीत रोवत, अंगठ्याने खूण धरून बाहेर काढत आणि नुसते बघत. ओल्या मातीत ती आत जाई, कोरडी लागली की अडे. झाडाविषयी काही विचारले तर स्वतः उत्तर देत नसत. “सळईला इचारा,” म्हणत.

हे ज्ञान त्यांना सासूकडून मिळाले होते. पालीला त्यांच्या घरामागच्या उतारावर सासूने सात आंबे वाढवले होते. पाणी खालच्या झऱ्यावरून आणायचे, एका खेपेला एक हंडा, आणि चढ असा की वर येईपर्यंत घसा कोरडा पडावा. रोज सात झाडांना घालायला सात खेपा कोण करणार? म्हणून सासूने एकेका झाडाची पाळी लावली. ज्याची पाळी त्याला त्या दिवशीचे सगळे पाणी. बाकीच्यांनी थांबायचे. “सासू म्हनायची, येवढं लांबनं आनल्यालं पानी वरच्यावर उनाला पाजायचं व्हय गं?” हौसाबाई सांगत. ते सातही आंबे उभे आहेत असेही सांगत, आणि सांगताना मान जराशी वर जाई.

आता माझी बाजू. १९३६च्या पावसाळ्यात शाळेच्या मागच्या पट्टीत आम्ही रायवळ आंब्याची चाळीस रोपे लावली. दोन ओळी, पूर्वेची वीस आणि पश्चिमेची वीस. पाऊस संपल्यावर पाण्याची व्यवस्था मी केली. प्रत्येक झाड दोन मुलींच्या नावावर. सकाळी प्रार्थनेआधी एक तांब्या, संध्याकाळी घरी जाताना एक तांब्या, आणि व्हरांड्यात टांगलेल्या तक्त्यावर खूण. तक्ता चांगला आखला होता. आजही तसाच आखीन. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी त्याची वाखाणणी करून शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या होत्या. तांब्याकडे मात्र ना त्यांचे लक्ष गेले, ना माझे.

तक्ता सुरू होऊन तीन-चार दिवस झाले असतील. हौसाबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मोठ्या बाई, ह्या पोरी झाडांना काय पाजत्यात?”

“पाणी, हौसाबाई.”

“तोंड धुत्यात त्यांची. चला, दावते.”

बागेत नेऊन त्यांनी पूर्वेच्या एका झाडाच्या बुंध्याशी सळई खुपसली. मुलींनी नुकतेच पाणी घातले होते. सळई अडली. अंगठा लावून त्यांनी मला दाखवले. चार बोटे.

“सांजच्याला ही चार बोटं बी ऊन पिऊन टाकतंय. आन् रोज तोंडाशी मिळतंय म्हनल्यावर मुळी खाली कशापायी जाईल? तिला कोन सांगनार खाली काय हाय ते?”

“मग तुम्ही काय कराल?”

“मुळीला पानी दावायचं आन् मागं सरायचं. मंग ती हुडकत जाती.”

मला ते पटले नाही. पण त्या पुढचे नऊ दिवस रोज दारात येऊन उभ्या राहू लागल्या, काही न बोलता. दहाव्या दिवशी मी पश्चिमेची ओळ त्यांच्या हवाली केली. तिथे दुपारचे ऊन लागते आणि मुली कुरकुर करत, हेही एक कारण होते.

त्यांची पद्धत अशी. बुंध्याला पाणी लागू द्यायचे नाही. बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल चर खणायचा. त्याला त्या आळेच म्हणत. रोज तीन झाडांची पाळी. प्रत्येकाला चार घागरी, पण एकदम नाही. एक घागर ओतायची, ती जिरेपर्यंत दुसऱ्या झाडाकडे जायचे, मग परत यायचे. चौथी जिरली की वर कोरडी माती आणि पालापाचोळा. सगळी ओळ सात दिवसांत होई आणि आठव्या दिवशी पुन्हा पहिले झाड. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आठ दिवसांचे बारा केले, बाराचे पंधरा, आणि चर आणखी हातभर बाहेर सरकवला.

पहिल्या उन्हाळ्यात, म्हणजे १९३७ साली, त्यांच्या ओळीकडे बघवत नव्हते. पूर्वेची झाडे टवटवीत, मुलींच्या खांद्याला लागलेली. पश्चिमेची बुटकी, पाने मोजकी, रंग मळका. मुलींना विषयच मिळाला. “हौसाबाईंची झाडे सोळा सोमवार करतात,” असे त्या म्हणत, आणि हौसाबाईंच्या समोर म्हणत.

“करू द्या की,” त्या म्हणत. “तुमची बगा, खाऊन खाऊन सुस्तावल्यात.”

नानासाहेब तेव्हा रोज संध्याकाळी फिरून येताना बागेत डोकावत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, शाळेसाठी खरोखर झिजणारे गृहस्थ. काठीने पश्चिमेच्या ओळीकडे दाखवून त्यांनी एकदा विचारले, “काय गं हौसा, झाडं वाळवायला ठेवलीस का?”

“व्हय नानासायब. लोनचं घालायचंय.”

नानासाहेबांना विनोद आवडला नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी विषय काढला: पाणी भरणारी बाई कामात टाळाटाळ करते, वीस झाडांपैकी रोज तीनच भिजवते, तिला लेखी ताकीद द्यावी, पश्चिमेची ओळ मुलींकडे परत द्यावी, आणि सुधारणा न दिसल्यास कामावरून कमी करावे. ताकीद लिहायचे काम माझ्याकडे आले. मी लिहिली. चांगली, मुद्देसूद लिहिली. हौसाबाईंना वाचता येत नसे, म्हणून मीच त्यांना ती वाचून दाखवली.

ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “कमी करा की. मी बहिनीकडं भाकऱ्या थापीन. पर माज्या इसाला आनखी एक वरीस तांब्या लावू नका, मोठ्या बाई. ती आत्ता खाली निगाल्यात. अर्ध्यात वर बोलावलीसा तर ना खालची ऱ्हातील ना वरची.”

स्वतःसाठी त्यांनी एक शब्द मागितला नाही. झाडांसाठी एक वर्ष मागितले.

त्या गेल्यावर मी त्यांची सळई घेऊन पूर्वेच्या ओळीत गेले आणि सगळ्यात हिरव्या झाडाशी खुपसली. चार बोटे. मग पश्चिमेला, ज्याची पाळी सहा दिवसांपूर्वी झाली होती अशा झाडाशी. सळई मुठीपर्यंत आत गेली. मी खोलीत परत आले, ताकीद फाडली आणि समितीला पत्र लिहिले की पश्चिमेची ओळ आणखी एक वर्ष हौसाबाईंकडे राहील, जबाबदारी माझी. सळईचा उल्लेख पत्रात केला नाही. समितीला सळई कळली नसती.

पुढच्या वर्षी पाडवा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळेची विहीर बंद करावी लागली. गाळ काढायला माणसे उतरली आणि आतल्या बाजूचा बांधीव दगड ढासळला. तो नीट बसवून पाणी पुन्हा स्वच्छ व्हायला अठरा दिवस लागले. मुलींना प्यायचे पाणी हौसाबाई नदीवरून डोक्यावर आणत. झाडांना पाणी नाही, अशी मी व्हरांड्यात पाटी लावली.

चौथ्या दिवशी पूर्वेच्या ओळीने माना टाकल्या. सातव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. मुली घरून लोट्यांतून पाणी आणू लागल्या. ते पडायचे आणि दिसेनासे व्हायचे. दहाव्या दिवशी मी बागेत उभी होते, आणि पश्चिमेच्या ओळीत तांबूस पालवी फुटलेली मला दिसली. वीसच्या वीस झाडांना नव्हे, बारा-तेरांना. पण उरलेल्यांतही मान टाकलेले एकही नव्हते.

नानासाहेबांनाही ते दिसले, आणि त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे सरळ अर्थ लावला. सोळावा का सतरावा दिवस असेल. हौसाबाई नदीवरून भरलेला हंडा घेऊन फाटकातून येत होत्या. मधली सुट्टी होती, मुली अंगणात होत्या.

“हौसा, हे पाणी कुठं जातं?” नानासाहेबांनी विचारले.

“पोरींच्या माठात.”

“सगळं?”

हौसाबाई थांबल्या.

“पूर्वेची झाडं जळाली आणि तुझ्या झाडांना पालवी फुटते. मुलींच्या तोंडचं पाणी तू चोरून झाडांना घालतेस. मला शिकवू नकोस.”

हौसाबाईंनी हंडा उतरवून खाली ठेवला. त्यातले पाणी जरासुद्धा हिंदकळले नाही, हे मला आजही दिसते. मी त्यांना रागावलेले तोवर कधी पाहिले नव्हते आणि तेव्हाही त्या रागावल्या नाहीत.

“खना,” त्या म्हणाल्या.

“खणा म्हणजे?”

“तुमाला पायजेल ते झाड खना. माज्या ओळीतलं एक, पोरींच्या ओळीतलं एक. मी सांगनार न्हाई कुठलं. माज्या झाडाची वरची माती वली निगाली तर मी चोर.”

“हौसाबाई, झाड मरेल,” मी म्हणाले.

“मरंल. मला ठावं हाय.”

म्हणून ती बुधवारची सकाळ. नानासाहेबांनी सातवा आकडा निवडला: पूर्वेचे सातवे, पश्चिमेचे सातवे.

आधी पूर्वेचे खणले. ते सहावीतल्या कृष्णीचे झाड होते. तिने दीड वर्षात तक्त्यावर एकही खूण चुकवली नव्हती. उत्रोलीच्या थोरल्या भावाने चारी बाजूंनी वीतभर माती काढली आणि मुळे दिसली. वरच्या वर, केसांच्या गुंत्यासारखी. तांब्याचे पाणी जेवढे पसरे तेवढ्याच वर्तुळात ती गोल गोल फिरली होती. त्याच्या बाहेर एकही गेले नव्हते. मधले सोटमूळ पेन्सिलीएवढे, हातभरही नाही, टोकाशी वळलेले. थोरल्याने एका हाताने झाड उचलले आणि ते सहज हातात आले. कृष्णी माझ्या मागे येऊन उभी राहिली. चूक तिची नव्हती. तांब्या मी ठरवला होता.

मग पश्चिमेचे. वरची माती कोरडी ठणठणीत. फावड्यातून टाकताना तिची धूळ उडून गोदूताईंच्या डोळ्यांत गेली. वीतभर, कोरडी. हातभर, कोरडी. गुडघाभर खणले तेव्हा मातीचा रंग बदलू लागला. अंगठ्याएवढे जाड मूळ सरळ खाली जात होते, आणि त्याच्या फांद्या आळ्याच्या दिशेने बाहेर निघून तिथून खाली वळल्या होत्या. भाऊ खणत राहिले. खड्डा मांडीपर्यंत आला, मग कमरेपर्यंत. धाकट्याने कपाळ पुसले.

“मावशे, हे कुठवर जातंय?”

“मला काय ठावं?” हौसाबाई म्हणाल्या. “मी कुठं आत जाऊन बघितलंय?”

मुली हसल्या. नानासाहेब हसले नाहीत. त्यांनी वहाणा काढल्या, काठी गोदूताईंच्या हातात दिली, आणि धाकट्याचा हात धरून स्वतः खड्ड्यात उतरले. वाकून तळाची माती मुठीत घेतली आणि दाबली. मूठ उघडली तर मातीचा लाडू तसाच होता. मूळ तिथूनही खाली गेलेलेच होते.

“हे पाणी कधीचं?” त्यांनी विचारले.

“पाडव्याच्या आदल्या दिसाचं. हिर बंद व्हायच्या आदूगरचं.”

ते सरळ झाले. धोतराला माती लागली होती. मग वर आले आणि हात झटकत म्हणाले, “हौसाबाई, आमच्या परसात लिंबाचं झाड आहे. सहा वर्षं झाली, फूल नाही. येऊन बघाल का?”

“येते की. तवर वयनीसायबांना म्हनावं, तांब्या ठिवून द्या.”

आता नानासाहेबही हसले. पण आरोप मुलींच्या देखत केला होता; तो हसण्यावारी जाऊन चालणार नव्हते. मी वही पुढे केली. ‘चोरीचा आरोप निराधार. मागे घेतला,’ असे मी त्यात आधीच लिहिले होते. त्यांनी वाचले, माझ्याकडे पाहिले आणि सही केली. ते वाक्य मी मुलींना मोठ्याने वाचून दाखवले. हौसाबाई तोवर खड्ड्यात उतरून माती परत भरू लागल्या होत्या, खालची खाली, वरची वर.

पूर्वेचे सातवे चार दिवसांत वाळले. पश्चिमेच्या सातव्याला हौसाबाईंनी सावली केली, अर्ध्या फांद्या छाटल्या, खूप जपले. ते श्रावणापर्यंत टिकले आणि मग गेले. त्यांनी ते उपटले, सरळ काठी तासली आणि वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवली. दुसरे तयार रोप आणू, असे मी सुचवले तर नको म्हणाल्या. “कोय हितंच घालायची. दुसरीकडं वाढवून आनल्याली मुळी उचलताना मोडती. मंग ती जन्मभर इचार करत बसती.” सातव्या जागी त्यांनी कृष्णीच्या हातून कोय लावून घेतली.

पूर्वेच्या ओळीचे काय करायचे, हे मी त्यांना त्याच आठवड्यात विचारले. “माझ्या तक्त्याने वीस झाडे बिघडवली,” असेही म्हणाले. ते म्हणणे मला जड गेले.

“तक्ता बरा हाय,” त्या म्हणाल्या. “पोरी येळेवर येत्यात. नुसत्या खुना कमी करा.”

एकदम पाणी तोडायचे नाही, असे त्यांनी बजावले. आधी दिवसाआड, पण जास्त. मग तिसऱ्या दिवशी, मग पाचव्या. आणि दर खेपेला पाणी बुंध्यापासून चार बोटे लांब. मुळे वरच असली तरी त्यांना हळूहळू बाहेर आणि खाली वळवायचे. तो तक्ता आम्ही दोघींनी मिळून केला. त्या तोंडाने सांगत, मी आखत असे. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या दारात उभ्या राहून म्हणत, “वाचा,” आणि मी आठवड्याच्या पाळ्या वाचून दाखवत असे. त्यांना सगळ्या पाठ असत. मी चुकले की लगेच सांगत. पूर्वेची पाच झाडे शेवटी गेलीच. चौदा वाचली.

नानासाहेबांच्या लिंबाला तिसऱ्या वर्षी फुले आली. त्यांनी ही बातमी इतक्या घरी सांगितली की हौसाबाईंना बोलावणी येऊ लागली. त्यातले सारोळ्याचे बोलावणे मला नीट माहीत आहे, कारण शाळेच्या कामासाठी मी त्याच दिवशी तिकडे गेले होते.

सारोळ्याच्या एका बागाईतदाराची डाळिंबे पिवळी पडली होती. विहिरीला भरपूर पाणी, दारात मोट, दिवसाआड बाग भिजवायची. त्याने हौसाबाईंसाठी बैलगाडी पाठवली होती. त्या गाडीमागून चालत गेल्या. गाडीत बसल्यावर जमीन दिसत नाही, हे कारण. बागेत शिरल्यावर त्यांनी सळई रोवली. लोण्यात गेल्यासारखी गेली. बाहेर काढून टोकाची माती त्यांनी नाकाशी धरली आणि मग बागाईतदाराच्या आईपुढे धरली. त्या म्हाताऱ्या बाई ओसरीवर बसून सगळे पाहत होत्या.

“आंबूस वास येतोय,” म्हातारी म्हणाली.

“मुळ्या कुजाय लागल्यात. पान्यात बुडवून ठिवल्यात तुमी. माणूस हिरीत उभा केला तर त्याला तहान लागंल का दम लागंल?”

“मग पाणी कमी करू म्हणता?” मुलाने विचारले.

“पंधरा दीस मोट सोडू नका.”

“पंधरा दिवस? अवो झाडं मरतील.”

“सासूबाई,” हौसाबाई म्हातारीकडे वळून म्हणाल्या, ती त्यांची कोणी नव्हती, पण वयाने मोठ्या बाईला त्या असेच म्हणत, “तुमचा ल्योक लई मायाळू हाय. त्याला पंधरा दीस कुठंतरी पाव्हना धाडा.”

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. मुलाला खरोखरच तिने बहिणीच्या गावी पाठवले. बाग सावरली, असे पुढच्या हंगामात आलेल्या डाळिंबांच्या टोपलीवरून कळले. टोपली हौसाबाईंच्या नावाने आली होती. त्यांनी ती वर्गावर्गांत वाटली आणि स्वतः एक दाणाही खाल्ला नाही. दातात अडकतात, म्हणाल्या.

अशा गोष्टी सांगताना गावातले लोक हौसाबाईंच्या हाताला गुण आहे असे म्हणत. मला ते आवडत नसे. हाताचा गुण दुसऱ्याला देता येत नाही. त्यांनी आम्हाला सगळे दिले. आमच्या शाळेतून सातवी होऊन गेलेल्या मुली आज सासरी, कोणी पुण्याला, कोणी साताऱ्याकडे, परसात आळे बुंध्यापासून लांब करतात. एकीने पत्रात लिहिले की तिच्या सासऱ्यांनी आधी टाळाटाळ म्हणून बोल लावला आणि उन्हाळा सरल्यावर शेजाऱ्यांना बोलावून झाड दाखवले. ते पत्र मी हौसाबाईंना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले.

१९४४च्या वैशाखात त्या पालीला परत गेल्या. गुडघे चालेनात, घागर उचलवेना, आणि मुलगा न्यायला आला. बैठकीत नानासाहेबांनी निरोपाचे दोन शब्द बोलायचे ठरवले होते. हौसाबाई बैठकीला आल्याच नाहीत. मी शोधत गेले तर त्या बागेत होत्या.

त्या एकेका झाडाखाली जात होत्या. फांद्यांची सावली जिथे संपे तिथे टाच जमिनीवर दाबून ओढत आणि झाडाभोवती गोल रेघ काढत. गुडघ्यामुळे मधेच थांबावे लागे. मी जवळ गेले तरी थांबल्या नाहीत.

“सावली वाढली. आळी तितंच ऱ्हायली,” त्या म्हणाल्या. “मुळ्या रेघंपर्यंत आल्या असतील. पानी आत देऊन काय उपेग? ह्या रेघंवर चर मारा. मला आता खनवत न्हाई.”

“बैठक खोळंबली आहे, हौसाबाई.”

“झाडं किती झाली?”

“अकरा.”

“मंग खोळंबू द्या.”

मी त्यांच्या मागून चालू लागले. पावसात रेघ पुसून जाईल म्हणून प्रत्येक झाडाचे बुंध्यापासूनचे अंतर हातांनी मोजून लिहून घेतले. त्यांचा हात माझ्या हातापेक्षा मोठा, म्हणून त्यांच्याच हाताने मोजले. पश्चिमेचे शेवटचे झाड झाल्यावर त्यांनी कंबरेवर हात ठेवून दोन्ही ओळी पाहिल्या. चौदा आणि वीस. सातव्या जागची कोयही आता डोक्यावर गेली होती.

“हे कोन करनार?” त्यांनी विचारले.

“मी करवून घेते.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. आठ-नऊ वर्षांत त्यांनी मला एवढे निरखून कधी पाहिले नव्हते. “बरं,” म्हणाल्या, आणि फाटकाकडे निघाल्या. नानासाहेब हार घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते. हौसाबाईंनी हार हातात घेतला, गळ्यात घातला नाही, आणि मुलाच्या खांद्याला धरून रस्त्याला लागल्या. वळणापर्यंत त्या दोनदा थांबल्या. गुडघ्यासाठी, मागे वळून पाहिले नाही.

गेल्या आठवड्यात पालीहून त्यांचा पुतण्या तांदूळ विकायला भोरला आला होता. शाळेत येऊन दारात उभा राहिला, अगदी त्यांच्यासारखाच.

“चुलतीनं इचारलंय, आळी मोठी केली का?”

“कशा आहेत त्या?”

“बसून असती. त्वांड चालू हाय. आळ्यांचं काय सांगू?”

“पूर्वेची चौदा झाली. पश्चिमेची सोळा झाली. चार राहिली आहेत म्हणावं.”

त्याने डोके खाजवले. “चार का न्हाईत, असं इचारंल ती.”

सतरा ते वीस. तिथे हातभर खाली मुरूम लागतो; मुलींच्या खुरप्यांनी होत नाही. पहार हवी, दोन माणसे हवीत, आणि मृगाचा पाऊस यायच्या आत व्हायला हवे. उत्रोलीच्या भावांना निरोप धाडला आहे. ते अजून आलेले नाहीत.